जुन्या पिकअपचे पुन्हा पुन्हा तापणे: टोपणापासून हेडपर्यंतची तपासणी

जुनी डिझेल पिकअप विकत घेऊन ती सुट्टीच्या दिवशी हळूहळू दुरुस्त करावी आणि मग आपल्या आवडीप्रमाणे नटवावी, हा छंद ज्यांना जडला आहे त्यांच्यापैकी सोलापुरात राहणाऱ्या प्रत्येकाला गाडी तापण्याचे दुखणे कधी ना कधी भोगावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळिशीच्या वर असतो, बोअरचे पाणी जड असते आणि ज्या गाड्या आपण हौसेने घरी आणतो त्यांनी आयुष्यभर कडबा, ऊस आणि वाळू वाहिलेली असते. टाटामोबाईल २०६ बाजारात आली ती १९८८ साली. त्या पिढीतील सुरुवातीच्या गाड्यांनी आता पस्तिशी ओलांडली आहे, त्यामुळे अशा गाड्यांमधील बहुतेक दुखणी बनावटीची नसून वयाची आहेत, हे आधी मान्य करावे.

माझ्या स्वतःच्या गाडीवर आणि मित्रांच्या चार-पाच गाड्यांवर हे एकच दुखणे मी इतक्या वेळा काढले आहे की आता बॉनेट उघडण्यापूर्वी मी फक्त एक प्रश्न विचारतो: गाडी केव्हा तापते? या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळाले तर निम्मे काम होते. इंजिन खोलण्याची वेळ क्वचितच येते, कारण दोष बहुधा हवा आणि पाणी यांच्या वाटेत असतो. आणि खेदाची गोष्ट अशी की पुष्कळदा तो दोष आपणच सजावट करताना निर्माण केलेला असतो.

लक्षणे

पहिला प्रकार असा की गाडी उभी असताना किंवा गर्दीत मुंगीच्या पावलांनी चालताना तापमानाचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागताच उतरतो. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, म्हणजे ऐन जानेवारीच्या गारव्यात, होम मैदानाच्या आसपास अडकलेली माझी पिकअप अशीच तापली होती. थंडीतसुद्धा उभी गाडी तापते, याचा अर्थ पंखा आपले काम करत नाही असा घ्यावा, कारण चालत्या गाडीत वारा जे काम फुकट करतो ते उभ्या गाडीत एकट्या पंख्याला करावे लागते.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. गावात गाडी दिवसभर फिरवली तरी काटा मध्यावर असतो; मात्र वेग वाढवला किंवा चढ लागला की तो चढू लागतो आणि बाजूला उभी केली की खाली येतो. सोलापुराहून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या तुळजापूरला जाताना शेवटचा घाट लागतो, तो आम्हा छंदिष्टांचा परीक्षेचा पेपर आहे. घाटात तापणारी गाडी पाण्याच्या प्रवाहाकडे, रेडिएटरच्या (इंजिनाचे गरम पाणी हवेने थंड करणाऱ्या भागाच्या) आतल्या नळ्यांकडे किंवा इंजिनावर पडणाऱ्या जादा भाराकडे बोट दाखवते.

तिसऱ्या प्रकारात पाणी सतत कमी होते, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. चौथ्या प्रकारात काटा लाल पट्ट्यात जातो, तरी पाणी उकळत नाही, वाफ नाही, वास नाही. पाचवा प्रकार सर्वांत फसवा आहे: काटा क्षणात वर, क्षणात खाली जातो, किंवा इंजिन उघडउघड तापलेले असताना काटा थंड दाखवतो. तापमान मोजणारे सेन्सर पाण्यात बुडलेले असेल तरच खरे बोलते. पाणी संपून त्याच्याभोवती नुसती हवा उरली की ते कमी तापमान सांगते, आणि चालक निर्धास्तपणे गाडी रेटत राहतो. ज्यांची इंजिने जाम झाल्याचे मी पाहिले आहे, त्यांच्यापैकी काहींनी शपथेवर सांगितले होते की काटा खालीच होता, आणि ते खोटे बोलत नव्हते.

सुरुवात करण्यापूर्वी एक सक्त सूचना

तापलेल्या गाडीचे रेडिएटरचे टोपण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही द्रवच राहते. टोपण सैल होताच दाब जातो आणि तेच पाणी वाफेसकट तोंडावर उसळते. इंजिन बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारी रबरी नळी) हाताने दाबून तो मऊ झाल्याची खात्री करावी आणि मगच जाड टॉवेलची घडी ठेवून टोपण पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नये. हेड (इंजिनाचा वरचा, झाकणासारखा भाग) किंवा ब्लॉक (त्याखालचा मुख्य भाग) तडकण्याचा तो हमखास मार्ग आहे. रस्त्यात काटा चढू लागला आणि पंखा फिरवणारा बेल्ट व पाणी शाबूत असेल, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन मंद गतीवर थोडा वेळ चालू ठेवणे एकदम बंद करण्यापेक्षा बरे. मात्र बेल्ट तुटला असेल किंवा पाणी सांडून गेले असेल, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे.

काहीही खर्च न करता करायच्या गोष्टी

सकाळी गाडी थंड असताना टोपण काढून पाण्याची पातळी पाहावी. ते गळ्यापर्यंत हवे. कमी असेल तर भरावे, दोन दिवसांनी पुन्हा पाहावे आणि किती कमी झाले ते वहीत लिहून ठेवावे. ही वही हास्यास्पद वाटते खरी, पण आठवड्याला पाव लिटर पाणी जाणारी गाडी आणि दर फेरीला दोन लिटर पिणारी गाडी यांचे आजार वेगळे असतात आणि स्मरणावर विसंबून तो फरक कळत नाही.

पाण्याचा रंगही पाहावा. गंजकट तांबूस पाणी म्हणजे ब्लॉक आतून गंजत आहे. टोपणाच्या खालच्या बाजूला चुनखडीसारखा पांढरा थर म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतले आहे. आणि पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर पुढच्या सगळ्या तपासण्या सोडून शेवटच्या भागाकडे जावे.

त्यानंतर टोपण स्वतः तपासावे. रेडिएटरचे टोपण हे नुसते झाकण नसून दाब राखणारी झडप आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी येथे ९८-९९ अंशांनाच उकळते. टोपणावर ०.९ (बार, म्हणजे दाबाचे माप) असा आकडा असेल आणि त्याचे रबर व स्प्रिंग धड असतील, तर आतले पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झाले, चिरले किंवा स्प्रिंग मेली, तर हे जवळजवळ वीस अंशांचे संरक्षण निघून जाते आणि एरवी निरोगी असलेली गाडी घाटात उकळते. टोपणाच्या मधोमध एक लहान झडपही असते. इंजिन थंड होताना ती उघडून शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीतले पाणी परत आत घेते. ती चिकटली असेल तर सकाळी वरचा होज चिपाडासारखा चपटा झालेला दिसतो. टोपण बदलण्यास फार पैसे लागत नाहीत, म्हणून शंका आली तरी बदलावे. मात्र गाडीसाठी नेमून दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त दाबाचे टोपण हौसेने बसवू नये, कारण जुन्या तांबे-पितळेच्या रेडिएटरचे सोल्डर केलेले सांधे तो वाढीव दाब सोसत नाहीत.

याच वेळी काटाही खरे बोलतो की नाही ते पाहून घ्यावे. दुरुस्त केलेल्या गाड्यांत ही शंका अधिक घ्यावी लागते, कारण केबिनला नवा रंग मारताना अर्थिंगच्या जागाही, म्हणजे वीज परत जाण्यासाठी वायर गाडीच्या उघड्या धातूला जोडतात त्या जागाही, रंगाखाली जातात. काही जुन्या गाड्यांत डिझेलचा आणि तापमानाचा काटा एकाच स्थिर-दाबाच्या पुरवठ्यावर चालतो. त्याची अर्थ सुटली की दोन्ही काटे एकदम वर जातात. त्यामुळे तापमानाच्या काट्याबरोबर डिझेलचा काटाही भलताच वर दिसू लागला, तर रेडिएटर नव्हे, डॅशबोर्डामागची वायर तपासावी. सेन्सरच्या आट्यांवर गळती होऊ नये म्हणून टेफ्लॉन टेपचे चार वेढे घेणारे मिस्त्रीही असतात. त्या टेपमुळे सेन्सरला इंजिनाची अर्थ नीट मिळत नाही आणि काटा कमी दाखवतो, जे जास्त धोकादायक आहे. हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. थर्मोस्टॅटच्या (पाणी गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर तो रोखून आकडा घ्यावा आणि काट्याशी ताडून पाहावा. जुने डिझेल इंजिन ८० ते ९५ अंशांत चालत असेल तर ते निरोगी आहे.

समोरचा शृंगार

हा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण येथे गुन्हेगार आपण स्वतः असतो.

माझी पिकअप विकत घेतली तेव्हा तापत नव्हती. रंगकाम, नवी जाळी, समोर जाड नळ्यांचा गार्ड, त्यावर चार मोठे दिवे आणि नंबरप्लेटच्या वर दोन भोंगे, असा साज चढवल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात ती तापू लागली. मी आधी थर्मोस्टॅट बदलला, मग कूलंट (पाण्यात मिसळायचे गंजरोधक द्रव) बदलले, मग रेडिएटर काढून घेऊन गेलो. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या चाचांनी तो हातात घेण्याआधी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "साहेब, रेडिएटरला काही झालेलं नाही. तुम्ही गाडीच्या नाकावर दागिने घातलेत, ती श्वास कुठून घेणार?" दिवे आणि भोंगे काढून मी त्याच दुपारी तुळजापूरचा घाट चढलो आणि काटा मध्याच्या किंचित वर जाऊन स्थिरावला. तोपर्यंतचा सगळा खर्च वाया गेला होता.

तेव्हा जाळीसमोर जे जे काही लावले असेल ते एका दिवसासाठी काढावे आणि तोच रस्ता, त्याच वेळी, तेवढाच भार ठेवून पुन्हा पार करावा. फरक पडला तर दिव्यांची जागा बदलावी. नळ्यांच्या गार्डबद्दल तर प्रश्न फक्त हवेचा नाही: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन ठरतात असे कळवले होते. मी माझा गार्ड भंगारात घातला, आणि गाडी त्यावाचून जास्त देखणी दिसते असे माझे आजचे मत आहे.

नंतर रेडिएटरच्या पट्ट्यांमधून विजेरीचा उजेड मागून पुढे टाकून पाहावा. उजेड आरपार दिसला पाहिजे. कडबा वाहिलेल्या गाडीत ज्वारीची पाती आणि कुसळे, उसाच्या गाडीत पाचटाचा भुगा आणि यंत्रमागांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या गाडीत सुताचे तंतू या पट्ट्यांत असे घट्ट बसतात की वरून धूळ पुसलेली असली तरी आत नमदा तयार झालेला असतो. वातानुकूलन यंत्र मागाहून बसवले असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत हा कचरा साठतो, जो समोरून दिसतच नाही. पाण्याची साधी नळी इंजिनाच्या बाजूने समोरच्या दिशेला धरून तो बाहेर काढावा. सर्व्हिसिंग सेंटरवरच्या जोरदार प्रेशरने पट्ट्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते, म्हणून तो मोह टाळावा. रेडिएटरवर चकचकीत ऑइलपेंटचे दोन हात मारलेले असतील तर तेही दुखण्याचे एक कारण समजावे. काळ्या रंगाचा विरळ फवारा चालतो, जाड थर चालत नाही.

पंखा, बेल्ट आणि होज

बेल्ट दोन पुल्यांच्या मधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबावा. तो साधारण दहा-बारा मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबत असेल तर तो घसरतो, आणि घसरणारा बेल्ट पंखा व वॉटर बॉडी (वॉटर पंपाला आपल्याकडची गॅरेजे हेच म्हणतात) दोन्ही संथ करतो. आतली बाजू काचेसारखी चमकत असेल तर तो ताणून उपयोग नाही, बदलावाच. फार ताणणेही चुकीचे आहे, कारण त्याने वॉटर बॉडीचे बेअरिंग जाते.

पंख्याच्या बाबतीत मी केलेली एक चूक सांगतो. रंग देण्यासाठी काढलेला पत्र्याचा पंखा मी उलट्या तोंडाने बसवला होता. असा उलटा बसवलेला पंखा हवा उलट दिशेने फेकत नाही, ती त्याच दिशेने ओढतो. फक्त पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला गेल्यामुळे फार कमी ओढतो, म्हणून चूक सहज ध्यानात येत नाही. विजेच्या पंख्याची गोष्ट वेगळी. त्याच्या दोन वायरी उलट जोडल्या की तो खरोखरच उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झुंजत बसतो. दोन्ही प्रकारांची परीक्षा एकच आहे: इंजिन चालू असताना जाळीसमोर कागदाचा तुकडा धरावा, तो रेडिएटरला चिकटून राहिला पाहिजे.

पंख्याभोवतीचा काऊल, म्हणजे प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा घेर, जुन्या गाड्यांत बहुधा गायब असतो. कोणीतरी कधीतरी इंजिनाचे काम करताना तो काढून ठेवलेला असतो आणि परत लावलेला नसतो. त्याच्यावाचून पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी कडेची गरम हवाच पुन्हा पुन्हा घुसळतो. उभी असताना तापणाऱ्या गाडीत काऊल नसेल, तर दुसरे काही करण्यापूर्वी तो भंगार बाजारातून शोधून आणावा किंवा पत्रेवाल्याकडून बनवून घ्यावा.

होज पाहताना खालच्याकडे जास्त लक्ष द्यावे. वॉटर बॉडी त्यातून पाणी ओढते, त्यामुळे आतली स्प्रिंग गंजून गेलेला किंवा मऊ पडलेला होज वेग वाढताच आत ओढला जाऊन चपटा होतो. उभ्या गाडीत तो धडधाकट दिसतो. मदतनीसाला इंजिनाची गती वाढवायला सांगून आपण बाजूने, पंखा व बेल्टपासून हात आणि शर्टाची बाही लांब ठेवून, त्याच्याकडे पाहावे. घाटात तापणारी एक गाडी केवळ या होजच्या बदलाने बरी झाल्याचे मी पाहिले आहे.

थर्मोस्टॅट: काढून टाकू नये

आपल्याकडे उष्णता जास्त, म्हणून थर्मोस्टॅटची गरजच नाही, असे सांगून तो काढून फेकणारे मिस्त्री अजून भेटतात. त्यामागचा तर्क वरवर पटणारा आहे, पण पुष्कळ इंजिनांत तो चुकीचा ठरतो. थर्मोस्टॅट उघडल्यावर तो पाण्याची दुसरी, रेडिएटर टाळून जाणारी जवळची वाट बंदही करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते, काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तसेच इंजिनात परत फिरते आणि भार पडताच गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. हिवाळ्यात याच गाडीचे इंजिन पुरेसे गरम होत नाही, डिझेल जास्त जाते आणि तेलात गाळ धरतो.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरातील जुन्या पातेल्यात करता येते. तो दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवावा, बुडाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर ठेवावा आणि पाणी तापवावे. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास, उदाहरणार्थ ८२, तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळण्याच्या बेताला आले की पूर्ण उघडलेला दिसला पाहिजे. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट हे दुसऱ्या प्रकारच्या तापण्याचे नेहमीचे कारण आहे. नवा बसवताना त्याचे पॅकिंगही नवे घ्यावे आणि पाणी भरताना गाडीचे तोंड चढाकडे करून उभी करावी, म्हणजे आत अडकलेली हवा वर येऊन निघून जाते. तसे न केल्यास हवेचा फुगा आत राहतो आणि काटा वर-खाली नाचू लागतो.

आतली चुनखडी

इथपर्यंत सर्व ठीक निघाले तर रेडिएटर आतून तुंबला आहे असे धरून चालावे. इंजिन पूर्ण गरम करावे, बंद करावे आणि इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या पृष्ठभागावरून सावकाश फिरवावा. पाण्याच्या वाटेने तापमान हळूहळू उतरत गेले तर ठीक. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तेथील नळ्या बंद आहेत. हाताला वरचा होज कडक तापलेला आणि खालचा जेमतेम कोमट लागला, तर पाणी पुरेसे फिरत नाही. दोन्ही सारखेच तापलेले लागले, तर पाणी फिरते आहे पण रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही आणि पुन्हा हवेच्या वाटेकडे वळावे लागते.

सौम्य चुनखडीसाठी किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल पुरते. पाणी काढून टाकून लिटरला साधारण ५० ग्रॅम या मानाने लिंबूफूल विरघळवलेले पाणी भरावे, इंजिन गरम करून पंधरा-वीस मिनिटे मंद गतीवर चालवावे, थंड झाल्यावर काढावे आणि साध्या पाण्याने तीन-चार वेळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. संडास साफ करण्याचे ॲसिड कोणी सुचवले तर ऐकू नये. ते चुनखडीबरोबर धातूही खाते. लिंबूफूल वापरतानाही एक जोखीम आहे. फार जुन्या रेडिएटरमध्ये ती चुनखडीच लहान भोके बुजवून बसलेली असते आणि ती निघताच गळती सुरू होते. गळती आधीपासून होती, आपण फक्त तिच्यावरचा पडदा काढला, एवढे समाधान तेव्हा मानावे लागते.

थर जाड असेल तर रेडिएटर उघडून घ्यावा. तांबे-पितळेच्या रेडिएटरची वरची व खालची टाकी तापवून सुटी करतात, प्रत्येक नळीतून पट्टी घालून ती मोकळी करतात आणि टाक्या पुन्हा सोल्डर करून दाबाखाली पाण्यात बुडवून तपासतात. याला गॅरेजच्या भाषेत रॉडिंग म्हणतात आणि ते घरी करण्याचे काम नव्हे. काढणे-बसवणे आपण करावे आणि मधले काम रेडिएटरवाल्याकडे सोपवावे. काही नळ्या बंदच करून टाकल्या असतील तर त्यांची संख्या विचारून घ्यावी, कारण बंद केलेली प्रत्येक नळी म्हणजे तेवढा लहान झालेला रेडिएटर.

यापुढे बोअरचे पाणी गाडीला दाखवू नये. बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे मिसळून भरावे. नुसते कूलंट भरल्याने गाडी जास्त थंड राहील ही समजूत चुकीची आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे, कूलंटचे काम गंज रोखणे आणि उकळबिंदू वाढवणे हे आहे. काढलेले कूलंट अंगणात ओतू नये. ते गोडसर लागते, कुत्री-मांजरे चाटतात आणि ते विषारी असते.

वॉटर बॉडी, चाके आणि टायमिंग

वॉटर बॉडीच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असते. तेथून ओघळ किंवा वाळलेले डाग दिसले तर आतले सील गेले आहे. ते भोक एम-सीलने बुजवण्याचा पराक्रम करू नये, कारण मग तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरते. पुली हाताने हलवून खुळखुळली तरीही वॉटर बॉडी बदलावी. कधी कधी बाहेरून सर्व ठीक असते आणि आतली पाती गंजाने झिजून नावापुरती उरलेली असतात. ते काढल्याशिवाय कळत नाही.

एक सोपी तपासणी मी येथे उशिरा घेतली आहे, कारण तिचा विचारच कोणी करत नाही. सपाट जागी गाडी न्यूट्रलवर ठेवून ढकलावी. दोघांना ती जड जात असेल तर ब्रेक धरून राहिले आहेत. पाच-सहा किलोमीटर फारसा ब्रेक न लावता चालवून प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात नेऊन पाहावे. एखादे चाक इतरांपेक्षा खूप गरम असेल तर इंजिन दिवसभर त्या ब्रेकशी भांडत आहे आणि म्हणून तापते आहे. हौसेखातर बसवलेली रुंद चाके आणि मोठे टायर हाही असाच जादा भार आहे.

फ्युएल पंपाचे टायमिंग (सिलिंडरमध्ये डिझेल सोडण्याची वेळ) मागे पडलेले असेल तर डिझेल उशिरा जळते, गाडी ओढत नाही, धूर करते आणि हेड तापते. इंजिनाचे मोठे काम झाल्यानंतर तापणे सुरू झाले असेल तर ही शंका घ्यावी, पण पंपाला स्वतः पाना लावू नये. तेथून पुढचे काम पंपवाल्याचे.

कोठे थांबावे

गाडी पूर्ण थंड असताना टोपण काढून पाणी गळ्यापर्यंत भरावे आणि इंजिन सुरू करावे. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा असते. मात्र इंजिनाच्या तालावर बुडबुडे येतच राहिले, किंवा इंजिन गरम होण्याआधीच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे. तेलाची काडी काढून पाहावी. तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, धुरांड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहत असेल, किंवा रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी स्टार्टर अडखळत असेल, तर हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पातळ पॅकिंग) गेले आहे किंवा हेड तडकले आहे. अशा वेळी स्टार्टर पुन्हा पुन्हा मारू नये, कारण सिलिंडरमध्ये साठलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी.

येथे छंद थांबतो आणि मिस्त्री व लेथवर्कशॉप सुरू होते. हेड काढल्यावर नुसते नवे पॅकिंग टाकून ते परत बसवू देऊ नये. सरळ पट्टी ठेवून हेड वाकले आहे का ते आपल्यासमोर तपासायला सांगावे, तडा आहे का ते दाबाखाली पाहायला सांगावे, आणि फेसिंग (हेडची खालची बाजू घासून सपाट करणे) करणार असतील तर किती धातू काढणार व त्यानंतर हेड मर्यादेत राहते का हे आधी विचारावे, कारण डिझेल इंजिनात व्हॉल्व आणि पिस्टन यांच्यातील अंतर फार थोडे असते. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क पान्यानेच आवळले जातात का ते पाहण्यासाठी मी स्वतः त्या दिवशी रजा काढून गॅरेजमध्ये बसतो. ज्या इंजिनाला काही अंतर चालल्यानंतर बोल्ट पुन्हा आवळण्यास सांगितलेले असते, त्याची ती आवळणी झाल्याशिवाय मी गाडी तुळजापूरच्या घाटात नेत नाही.